अंकगणिताच्या शब्दांची उजळणी

गणिताला भाषा नसते, असे पुष्कळदा म्हटले जाते. चिन्हांपुरते ते खरे आहे. परंतु पाटीवर चिन्ह उमटण्यापूर्वी मूल जे मनाशी म्हणते, ते कोणत्या ना कोणत्या भाषेतच म्हणते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी घरांना याचा प्रत्यय नित्य येतो. शाळेत मूल 'घटाना' किंवा 'बादबाकी' शिकते. घरी आजी त्याला 'वजा कर' म्हणते. क्रिया एकच, परंतु नावे निराळी पडल्यामुळे, आजीचे गणित वेगळे आणि शाळेचे वेगळे, अशी मुलाची समजूत होते. ती एकदा रुजली की घरात गणित बोलणे संपते. म्हणून या प्राथमिक शब्दांची उजळणी करावी, आणि त्यांत दडलेल्या कल्पना उलगडून पाहाव्या, असे आम्हांस वाटते.

प्रथम संख्यांची नावे पाहू. मराठीत आपण 'त्रेसष्ट' म्हणतो, म्हणजे आधी तीन उच्चारतो व मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा लिहितो व मग तीन. नवशिके मूल ६३ च्या जागी ३६ लिहिते, ते या उलटापालटीमुळे. कन्नडात हीच संख्या 'अरवत्तमूरु', म्हणजे आधी साठ व मग तीन अशी उच्चारतात. तेलुगूतही क्रम तोच आहे. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. एवढेच म्हणतो की, बेळगावच्या वा हैदराबादच्या ज्या मुलाला कन्नड किंवा तेलुगू येते, त्याला हा क्रम आधीच ठाऊक असतो. त्याच्या आधाराने 'त्रेसष्ट' समजावून द्यावे. रूढ शब्द टाकण्याचे कारण नाही. 'एकोणीस', 'एकोणतीस' या नावांत तर एक वजाबाकीच आहे. एकाने ऊन, म्हणजे एकाने उणे, वीस ते एकोणीस. हे एकदा कळले की 'एकोणसाठ' म्हणजे एकोणसत्तर की काय, असा घोटाळा राहत नाही.

आता चार मूलक्रियांकडे वळू. 'बेरीज', 'वजा' आणि 'बाकी' हे शब्द फारसी-अरबीतून, दप्तरी हिशेबाच्या वाटेने आपल्याकडे आले; 'गुणाकार' आणि 'भागाकार' संस्कृतातले आहेत. गुजरातीत बेरजेला 'सरवाळो' म्हणतात, हिंदीत 'जोड', तेलुगूत 'कूडिक', कन्नडात 'संकलन'. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही (इ. स. ११५०) 'संकलित' आणि 'व्यवकलित' हेच शब्द आहेत. गुणाकार आणि भागाकार मात्र गुजरातीत व कन्नडातही आपल्याच नावांनी भेटतात.

मराठीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. 'गुणाकार' हे क्रियेचे नाव, आणि उत्तराचेही तेच. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला क्रियेसाठी 'गुणा' आणि उत्तरासाठी 'गुणनफल' असे दोन शब्द मिळतात. घरी शिकविताना आपणही 'गुणाकार करा' आणि 'गुणाकार किती आला' ही दोन वाक्ये स्पष्टपणे वेगळी उच्चारावी.

'हातचा' हा शब्द अस्सल आपला. अठ्ठावीस आणि पस्तीस यांची बेरीज करताना आठ आणि पाच मिळून तेरा होतात. तीन मांडायचे आणि हातचा एक. हा 'एक' म्हणजे सुटा एक नव्हे, तो एक दशक आहे. हे न सांगता केवळ 'हातचा एक' घोकविला तर रीत येते, समज येत नाही. हिंदीत याला 'हासिल' म्हणतात, गुजरातीत 'वद्दी'.

'उसना' शब्दाची गंमत याहून अधिक आहे. ५२ मधून २७ वजा करावयाचे. दोनांतून सात जात नाहीत, म्हणून आपण दहा उसने घेतो. बारांतून सात गेले, पाच राहिले. मूल विचारते, उसने घेतलेले परत कधी द्यायचे? प्रश्न योग्य आहे. जुन्या रीतीत ते खरोखरच परत केले जात: खालच्या दोनांत एक मिळवून तीन करीत, आणि पाचांतून तीन वजा करीत. आजच्या रीतीत पाच दशकांपैकी एक मोडून त्याचे दहा सुटे करतात. उरलेल्या चारांतून दोन जातात. उत्तर दोन्हीकडे पंचवीसच. परंतु दुसऱ्या रीतीत उसनवारी नाहीच, नोट मोडून सुटे घ्यावे तसा व्यवहार आहे. आजीची रीत पहिली आणि शाळेची दुसरी असेल, तर दोघींनाही चूक म्हणू नये.

'बाकी' हा शब्द वजाबाकीत आहे आणि भागाकारातही आहे, हे योगायोगाने झालेले नाही. सतरा बोरे पाच-पाचांच्या वाट्यांनी वाटा: सतरांतून पाच, पुन्हा पाच, पुन्हा पाच वजा केले की दोन उरतात. तीन वेळा वजा झाले, म्हणून भागाकार तीन. उरले ती बाकी दोन. भाज्य सतरा, भाजक पाच. भागाकार ही वारंवार केलेली वजाबाकी होय, हे एका शब्दाने सांगून टाकले आहे.

अपूर्णांकांत मराठी फार श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. 'पाऊण' म्हणजे पादाने ऊन, एकाला पाव उणा. म्हणून पावणेतीन म्हणजे तीनांना पाव कमी; आणि पावणेतीनशे म्हणजे तीनशेंना शंभराचा पाव कमी, अर्थात २७५. पाव कशाचा, हे आधी ठरवावे लागते. अपूर्णांकाची सारी कल्पना या एका प्रश्नात आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पुढे शेर-मण गेले, आणि पावकी, निमकी, सवायकी, औटकी हे पाढे मागे पडले. पण घड्याळातले पावणेतीन आणि स्वयंपाकघरातली पाऊण वाटी अद्याप शिल्लक आहेत. छापील अपूर्णांकाच्या वरच्या अंकाला मराठीत व हिंदीत 'अंश' म्हणतात; खालच्याला मराठीत 'छेद' तर हिंदीत 'हर'. 'लीलावती'त हे दोन्ही शब्द आढळतात, म्हणजे त्यांत परके कोणीच नाही.

तात्पर्य एवढेच की, शाळेचा शब्द पुसून घरचा बसवू नये, आणि घरचा लाजून टाकूही नये. शाळेतून नवा शब्द आला की त्याच दिवशी त्याच्याशेजारी आपला शब्द ठेवावा, आणि दोन्ही चिंचोक्यांवर करून दाखवावे. एकच क्रिया दोन नावांनी ओळखणारे मूल नावापलीकडची कल्पना लवकर पाहते. शिवाय त्याला आजीला विचारण्यासारखे काही तरी उरते.