मागची बाजू उशिरा येते तेव्हा

पिरंगुटहून मुठ्याला यायचं तर मुठा घाट उतरावा लागतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या वळणांवर आमची जुनी प्रीमियर पद्मिनी वेगळीच वागू लागली. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं ऐकायची, मागची बाजू मात्र क्षणभर उशिरा यायची. खड्डा आला की मागून ‘खट्’. गाडी अब्बांची, त्यामुळे भंगारात देण्याचा विषय नव्हता.

ही गाडी मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्याला प्रीमियर कंपनी ती बनवायची. मुंबईत टॅक्सी म्हणून ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. तिला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे टांग्यासारखे पाटे. पाट्याच्या टोकाला गोल वळवलेली कडी, कडीत रबराचा बुश, बुशातून बोल्ट. लोखंडाला लोखंड लागू नये, धक्का रबराने खावा आणि तरी पाटा जागचा हलू नये, एवढं काम त्या चिमुकल्या रबराचं. ते सुकतं, तडकतं, मग अख्खा ॲक्सलच किंचित तिरका सरकतो.

मागचे बुश घरी बदलता येतात. पुढचे मी उघडत नाही, तुम्हीही उघडू नका. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर माणूस मारते.

मागे धोका जॅकचा. पहिल्या खेपेला मी अंगणातल्या ओल्या मुरमावरच जॅक लावला. पाना आणायला घरात गेलो, परत येईतो गाडी एका अंगाला बसलेली. जॅक रुतून कलंडला होता. दोन मिनिटांपूर्वी माझं डोकं तिथेच होतं. आता जॅकखाली जाड फळी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड आणि बॉडीच्या तळाशी भक्कम जागी लोखंडी स्टँड असल्याशिवाय मी खाली वाकतही नाही. विटा रचू नका, वीट भाराखाली अचानक फुटते. मग जॅक ॲक्सलखाली घ्यायचा, पाट्यावरचा ताण उतरेल इतकाच.

जुना बुश निघेना की काही जण तो जाळतात. धूर वाईट, शिवाय पाट्याचं पाणी उतरायची भीती. करवतीच्या पात्याने आतून चीर पाडली की तो सुटतो. नवा बसवायला लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट पुरे. नट आवळत नेला की बुश सरळ आत सरकतो. तेल-ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी लावा.

बोल्ट शेवटचा आवळायचा तो मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच. गाडी अधांतरी असताना आवळला, तर नळीला चिकटलेलं रबर गाडी खाली येताच पिळलं जातं आणि तसंच राहून फाटतं. हे मला ठाऊक नव्हतं. पहिला जोड सहा महिन्यांत गेला, आणि दोष मी बिचाऱ्या दुकानदाराला दिला.

दुसऱ्या वेळी गाडी खाली उतरवली, डिकीवर दोन-चारदा भार दिला, मग आवळलं. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासले. परवा टेमघरपर्यंत जाऊन आलो. मागून आवाज आला, तो डिकीत सुट्या ठेवलेल्या पान्यांचा.