धातकी : फूल कोणते, फळ कोणते?

आसवारिष्टे बिघडली की आपण गुळाला दोष देतो, पिंपाला देतो, हवामानाला देतो. धातकीपुष्पांकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

भामरागड परिसरात, पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांच्या संगमाभोवतीच्या रानात, उघड्या उतारांवर व मुरमाड पडीक जमिनीवर धायटीची झुडपे विपुल आहेत. मेंदीच्या कुलातील ही वनस्पती. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, पाने विरळ झालेल्या फांद्यांवर ती तांबड्या फुलांनी लगडते. ताम्रपुष्पी, वह्निज्वाला ही पर्यायनामे किती यथार्थ आहेत ते तेव्हा कळते.

चरकाने धातकीचा समावेश संधानीय, पुरीषसंग्रहणीय आणि मूत्रविरजनीय या तीन महाकषायांत केला आहे. यातील ‘संधानीय’ म्हणजे भग्न वा छिन्न जोडणारे. आसवारिष्टांचे संधान निराळे. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात. रसाने कषाय, वीर्याने शीत असल्याने अतिसार, प्रवाहिका, रक्तपित्त व प्रदर यांत तिचा उपयोग सर्वपरिचित आहे.

संधानात धातकी नेमके काय करते, हा प्रश्न अधिक रंजक आहे. फुलांबरोबर किण्व येते, असा सर्वसाधारण समज असून काही अभ्यासकांना फुलांवर यीस्ट आढळलेही आहे. परंतु निंबारिष्टावर 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मद्यनिर्मिती करणारे जंतू फुलांतून आलेले दिसले नाहीत. साखरेचे विघटन करणारे इन्व्हर्टेज मात्र धातकीमुळे कार्यरत असल्याचे दिसले. मतभेद कसाही सुटो, यीस्ट काय आणि इन्व्हर्टेज काय, दोन्ही उष्णतेने नष्ट होतात. म्हणूनच काढा पूर्ण निवल्यावर प्रक्षेप म्हणून धातकी घालण्याचा प्रघात सकारण आहे. वेळ वाचविण्यासाठी ती गरम काढ्यात टाकणे, किंवा फुले भट्टीत कडक वाळविणे, हे महागात पडते. कुटजारिष्टात एक तुळा गुळास 20 पल, म्हणजे 4.8 किलोस 960 ग्रॅम, धातकी सांगितली आहे. एवढ्या प्रमाणात पडणारे द्रव्य निकृष्ट असून कसे चालेल?

आता खरेदीविषयी. धायटीच्या फुलाचा जो लाल भाग आपल्याला दिसतो तो पाकळ्यांचा नसून नळीसारख्या पुष्पकोशाचा असतो. पाकळ्या अगदी लहान असतात. फळ धरल्यावरही हा कोश गळत नाही, फळाला वेढून राहतो. त्यामुळे उशिरा तोडलेला माल दुरून फुलांसारखाच दिसतो. पोत्याच्या तळाशी हात घालून मूठभर माल काढावा, कोश नखाने उकलावा. आत बारीक तपकिरी बियांनी भरलेले बोंड निघाले तर ती फुले नव्हेत. काड्या, पाने, बुरशीचा वास आणि मळकट काळपट रंग याही खुणा पाहाव्यात.

असा माल येतो याचे एक कारण आपणच आहोत. केवळ वजनावर भाव दिला की फांद्या तोडून झोडपणे सोपे पडते. काड्या वजनात मोजल्या जातात आणि पुढच्या हंगामाच्या फांद्या जातात. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिलेला आहे. औषधनिर्मात्यांनी हंगामापूर्वीच ग्रामसभेशी बोलून हाताने खुडलेल्या, सावलीत वाळविलेल्या फुलांसाठी वेगळा, चढा भाव ठरवावा, आणि प्रत्येक झुडपावर काही फुले बियांसाठी राखण्याची अट त्यात घालावी. फेब्रुवारीत बोलणी सुरू केली तर उशीर होतो. दिवाळीनंतरचा काळ योग्य.