चेंडूला रिंग केवढी दिसते?

मुलांनो, आधी घरातून एक बांगडी मागून आणा. ती आडवी धरा आणि बरोबर वरून पाहा. पूर्ण गोल दिसली ना? आता डोळे हळूहळू खाली न्या. गोल चपटा होत जाईल, आणि डोळे बांगडीच्या पातळीला आले की उरेल नुसती एक रेघ. बांगडी तीच, पण भोक गेलं कुठे?

बास्केटबॉललाही रिंग अशीच दिसते. रिंग आतून 45 सेंटिमीटर रुंद असते आणि मुलींचा, म्हणजे 6 नंबरचा चेंडू सुमारे 23 सेंटिमीटरचा. चेंडू सरळ वरून पडला तर जागाच जागा! पण जमिनीशी 45 अंशांच्या तिरक्या वाटेने उतरला, तर त्याच्या वाट्याला जेमतेम 32 सेंटिमीटरचं भोक येतं. आणि 30 अंशांनी आला तर? साडेबावीस! 23 चा चेंडू साडेबावीसच्या भोकातून अलगद कसा जाईल? तो कडेवर आपटणारच.

म्हणून चांगली खेळाडू चेंडू रिंगच्या खूप वर उडवते, म्हणजे तो जास्त सरळ खाली उतरतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या अभ्यासकांनी संगणकावर लाखो फेकी करून पाहिल्या. फ्री थ्रोसाठी, म्हणजे कुणी आडवं न येता करायच्या फेकीसाठी, त्यांना हातातून 52 अंशांच्या आसपास सुटणारी फेक सर्वांत भरवशाची वाटली. सोबत चेंडूला उलटी फिरकीही हवी, सेकंदाला साधारण तीन गिरक्या. चेंडू सुटताना बोटांची टोकं त्याला मागच्या बाजूने खाली ओढतात, त्यातून ही फिरकी येते. असा फिरणारा चेंडू रिंगमागच्या बोर्डाला लागला की उसळून दूर पळत नाही, खाली जाळीकडे वळतो. पुढच्या वेळी सामना बघताना चेंडूवरच्या काळ्या रेघांकडे नीट बघा, फिरकी दिसेल.

आता गंमत ऐका. रिंगची उंची 10 फूट, म्हणजे 3.05 मीटर. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठावर, असदगड किल्ल्याच्या सावलीत कुणी रिंग लावली तरी 10 फूट, आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्येही 10 फूटच. इथे जमलेली फेक तिथे जशीच्या तशी चालते.

केरळच्या गीतू अॅना जोस यांची फेक तिथे चालली. 2006 पासून तीन हंगाम त्या मेलबर्नजवळच्या रिंगवूड हॉक्स या क्लबकडून खेळल्या. ऑस्ट्रेलियन क्लबकडून व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा मान आहे. त्या दक्षिण रेल्वेकडूनही खेळायच्या. 2011 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि डब्ल्यूएनबीए या तिथल्या सर्वांत मोठ्या महिला लीगमधल्या तीन संघांच्या चाचणीला उतरल्या. त्यांची निवड झाली नाही. पण तेव्हा त्या अख्ख्या लीगमध्ये संघ होते बारा, आणि खेळाडूंच्या जागा दीडशेसुद्धा नव्हत्या! साऱ्या जगातून तेवढ्याच जागांसाठी मुली येतात. त्या चाचणीपर्यंत पोहोचणं हेच केवढं मोठं काम! 2014 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

परदेशात खेळणं ही नोकरीच असते बरं का. अमेरिकेची लीग उन्हाळ्यात चालते, म्हणून तिथल्या कितीतरी खेळाडू उरलेले महिने तुर्कस्तानात, चीनमध्ये किंवा युरोपात खेळतात. वर्षात दोन देश, दोन भाषा, दोन संघ. सामान बांधायचं आणि निघायचं.

आपल्या महाराष्ट्रातल्या पुण्याच्या शिरीन लिमये यांचं नावही वहीत लिहून ठेवा. 2017 मध्ये बेंगळुरूला महिला आशिया चषकाच्या ‘ब’ गटाची अंतिम लढत झाली. भारताने कझाकस्तानला 75–73 असं हरवलं, अवघ्या दोन गुणांनी! त्या संघात शिरीन होत्या.

“पण ताई, एवढी उंची लागते, आपल्याले कसं जमन?” हा प्रश्न हमखास येतो. उंचीचा फायदा असतो, हे खरंच. गीतू 6 फूट 2 इंच आहेत. पण फेकीची ताकद पायांतून येते. गुडघे वाकतात, सरळ होतात, आणि तो जोर कमरेतून, खांद्यातून बोटांपर्यंत चढतो. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराच्या देवळात चालत येणाऱ्या कावडीतल्या एखाद्या दादाला विचारा, आधी काय दुखतं? तो पोटऱ्या दाखवेल. बास्केटबॉलमध्येही तसंच आहे.

आपल्या अकोल्याच्या उन्हाचाही खेळाशी संबंध आहे. चेंडू तापला की आतल्या हवेचा दाब वाढतो आणि तो जास्त उसळतो. साधारण 1.8 मीटरवरून सोडलेला चेंडू एक मीटरच्या आसपास वर यावा, अशी अपेक्षा असते. मे महिन्यात एकदा पहाटे आणि एकदा दुपारी चार वाजता तोच चेंडू टाकून बघा. भिंतीवर खडूने दोन्ही खुणा करा.

हा खेळ 1891 मध्ये अमेरिकेत जन्मला, तेव्हा रिंगच्या जागी पीच फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. पुढच्या दोन वर्षांतच सेंडा बेरेनसन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. मुलींचा सामना पाहायला पुरुषांना मनाई होती! 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल आला. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मुलींना मात्र ऑलिम्पिकमधल्या बास्केटबॉलसाठी आणखी 40 वर्षं थांबावं लागलं, थेट 1976 पर्यंत. हे मला अजिबात पटत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. बऱ्याच ठिकाणी मुलींच्या हातात मुलांचा 7 नंबरचा चेंडू देतात. तो मोठा आणि जड असतो, नीट पकडताच येत नाही, आणि मग मुलीच म्हणतात, आम्हाला जमत नाही. तेव्हा मुलींनो, उद्या शाळेत गेलात की चेंडूवरचा आकडा वाचा. 7 असेल, तर खेळाच्या सरांना किंवा मॅडमना सांगा, आम्हाला 6 नंबरचा हवा.