गंध, दुर्गंध आणि इतिहास : मनोरंजन उद्यानांच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी आम्ही वसतिगृहातील विद्यार्थ्यांना सहलीसाठी एका जलक्रीडा उद्यानात नेले होते. परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही मुलांना विचारले, "आज काय लक्षात राहिले?" कोणी उंच घसरगुंडीचे नाव घेतले, कोणी कृत्रिम लाटांचे. मागच्या बाकावरचा पाचवीतील एक मुलगा मात्र म्हणाला, "सर, तिथला वास." सगळे हसले. पण त्याचे उत्तर चुकीचे नव्हते. प्रवेशद्वारापाशी लोण्यात परतलेल्या मक्याच्या लाह्यांचा घमघमाट होता, तलावाकाठी औषधासारखा उग्र दर्प होता आणि उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला शिळ्या अन्नाची दुर्गंधी होती. एकाच आवारातील हे तीन वास तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत होते. त्या गोष्टी कोणत्या, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम तलावाकाठच्या दर्पाविषयी. "क्लोरीनचा वास येतो, म्हणजे पाणी स्वच्छ आहे," असे आम्हीही मुलांना सांगितले होते. आमच्या विज्ञानाच्या सहकारी शिक्षिकांनी तेथेच आमची चूक दुरुस्त केली. पाण्यातील क्लोरीनचा संयोग पोहणाऱ्यांच्या घामातील आणि लघवीतील नत्रयुक्त पदार्थांशी झाला की क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात. डोळे चुरचुरवणारा तो उग्र दर्प मुख्यतः त्यांचा असतो. म्हणजे ज्याला आपण स्वच्छतेची खूण समजतो, ती बहुधा अस्वच्छतेची खूण असते. पाण्यात उतरण्यापूर्वी अंगावर साधे पाणी घेऊन स्वच्छ व्हावे, ही तेथील पाटीवरची सूचना उगाच लिहिलेली नसते. वासाचा अर्थ नाकाला आपोआप कळत नाही, तो शिकावा लागतो, हा त्या दिवसाचा पहिला धडा होता.

प्रवेशद्वारापाशी येणाऱ्या गोड वासाची कथा वेगळी आहे. 1955 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. पुढे या कंपनीच्या उद्यानांनी सुगंध हे एक तंत्रच बनविले. मिठाईच्या आणि बेकरीच्या दुकानांपुढे व्हॅनिलासारखा गोड वास मुद्दाम रस्त्यावर सोडला जातो, अशी त्यांची ख्याती आहे. फ्लोरिडातील एपकॉट उद्यान 1982 मध्ये उघडले. तेथील मानवी संवादाच्या इतिहासावरील सफरीत जळत्या रोमचे दृश्य येते, तेव्हा प्रेक्षकांना खरोखरच धुराचा वास येतो. कॅलिफोर्नियात 2001 मध्ये सुरू झालेल्या आकाशविहाराच्या खेळात पडद्यावर संत्र्यांच्या बागा दिसू लागल्या की संत्र्यांचा दरवळ येत असे. दुर्गंधाचाही उपयोग होतोच. कीटकांवरील एका खेळात दुर्गंधी सोडणारा किडा पडद्यावर येताच प्रेक्षागृहात तसाच वास पसरे आणि लोक नाक दाबून हसत.

हे वाटते तितके सोपे नाही. वास सोडणे सोपे, तो वेळेवर परत घेणे कठीण. 1960 मध्ये अमेरिकेत एका चित्रपटासोबत प्रेक्षकांच्या आसनांपाशी नळ्यांतून वास सोडण्याचा प्रयोग झाला, पण तो रुजला नाही. मागच्या प्रसंगाचा वास पुढच्या प्रसंगात रेंगाळला की सगळा परिणाम बिघडतो. डिस्नेच्या तंत्रज्ञांनी यासाठी 'स्मेलित्झर' या नावाने ओळखले जाणारे यंत्र घडविले. वास सोडणाऱ्या अशा यंत्रणेचे अमेरिकन पेटंट 1986 चे आहे. गंधित हवेचा झोत नेमक्या क्षणी सोडायचा आणि ती हवा लगेच खेचून बाहेर टाकायची, हे त्यामागील सूत्र. शिवाय आपले नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून वास क्षणभरच द्यावा लागतो.

मात्र उद्यानातील सर्वांत महागडा वास म्हणजे वास नसणे. हजारो माणसे दिवसभर खातात, पितात, घाम गाळतात, शौचालये वापरतात, तरी आवारात दुर्गंध नसतो. तो जातो कोठे? फ्लोरिडात 1971 मध्ये सुरू झालेल्या मॅजिक किंगडम या उद्यानाखाली कर्मचाऱ्यांसाठी मार्गिकांचे जाळे आहे. कचरा हवेच्या दाबाने नळ्यांतून खेचून दूर नेण्याची यंत्रणाही तेथे बसविलेली आहे. पाहुण्यांना कचऱ्याची गाडी दिसू नये, हा त्यामागील हेतू. पण त्या नळ्यांच्या तोंडापर्यंत कचरा पोहोचविणारे आणि शौचालये धुणारे हात माणसांचेच असतात. दुर्गंध कधी नाहीसा होत नाही. कोणीतरी तो उचलून दुसरीकडे नेतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचा दुर्गंध वाहिला आणि वर त्याबद्दल तिरस्कारही सोसला, त्या समाजाला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एका अशा जागेकडे वळू, जिने दुर्गंध लपविला नाही. इंग्लंडमधील यॉर्क शहरात कॉपरगेट येथे 1976 ते 1981 या काळात उत्खनन झाले. इ.स. 866 मध्ये व्हायकिंगांनी हे शहर जिंकले होते. त्यांच्या वस्तीचे अवशेष तेथील पाणथळ, प्राणवायूविरहित मातीत आश्चर्यकारक रीतीने टिकून राहिले होते. लाकडी घरे, चामड्याची पादत्राणे, कापड, बिया आणि शौचखड्डेसुद्धा त्यात होते. त्याच जागेवर 1984 मध्ये यॉर्विक व्हायकिंग केंद्र उघडले. पाहुणे छोट्या वाहनांत बसून दहाव्या शतकातील गल्लीतून फिरतात. तेथे मासळीचा, चुलीच्या धुराचा, चामड्याचा वास येतो, आणि शौचखड्ड्याचाही येतो. याच शहरात 1972 मध्ये सापडलेली, सुमारे 20 सेंटिमीटर लांबीची, अश्मीभूत मानवी विष्ठा तेथे मानाने मांडलेली आहे. तिच्यात पोटातील जंतांची अंडी सापडली. त्यावरून हजार वर्षांपूर्वीचा एक सामान्य माणूस काय खात होता आणि कशाने आजारी होता, हे कळते. राजांच्या शिलालेखांतून हे कधीच कळले नसते.

या केंद्राच्या वासांवर एक लक्षणीय संशोधन झाले आहे. ॲगलटन आणि वॉस्केट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सरासरी सहा-सात वर्षांपूर्वी हे केंद्र पाहिलेल्या लोकांना प्रदर्शनाविषयीची प्रश्नावली दोनदा भरावयास दिली. काहींना पहिल्या वेळी निराळे वास आणि दुसऱ्या वेळी यॉर्विकचे मूळ वास हुंगावयास दिले. या गटाची उत्तरे दुसऱ्या वेळी लक्षणीय सुधारली. कोणताच वास न दिलेल्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. याचे एक कारण शरीररचनेत आहे. दृष्टी आणि श्रवण यांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र त्या वळणाशिवाय भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे एखादा जुना वास आला की विसरलेली खोली, माणसे, ऋतू सगळे एकदम समोर उभे राहते.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला येथे दोन प्रकारची उद्याने दिसतात. एकात भूतकाळ अत्तर लावून येतो. दुसऱ्यात तो आपल्या खऱ्या अंगाच्या वासासह येतो. पहिल्यात मन रमते आणि त्यात काही वावगे नाही. मुलांच्या वाट्याला निर्भेळ आनंद यायलाच हवा. पण पहिल्यालाच इतिहास समजण्याची चूक होऊ नये.

हा विचार स्मरणिकेत मांडण्याचे कारण असे की स्मरणिकाही एक उद्यानच असते. तिच्या प्रवेशद्वाराशी फुलांचा, उदबत्तीचा, नव्या छपाईचा सुवास असतो. आमच्या वसतिगृहाच्या प्रारंभीच्या वर्षांचा वास मात्र तसा नव्हता. रॉकेलच्या कंदिलाचा, पावसाळ्यात दोरीवर न वाळलेल्या गणवेशांचा, करपलेल्या पिठल्याचा आणि पाणी तुटले की शौचालयांचा तो वास होता. त्याच वासात पुस्तके उघडली गेली आणि त्याच वासातून शिक्षक, परिचारिका, अभियंते घडले. पहाटे उठून ती शौचालये पाळीपाळीने धुणारे विद्यार्थी आणि शिक्षकही होते. येथे ते काम कोणा एकाच्या जन्माशी बांधलेले नव्हते, ही आमच्या शाळेची खरी कमाई आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. संस्थेच्या इतिहासासाठी आपण आठवणी लिहून पाठवाल, तेव्हा सत्कार आणि पारितोषिके यांच्यासोबत त्या दिवसांचे वासही लिहा. पालकांनीही आपल्या मुलांना आपल्या बालपणीच्या घराचा वास सांगावा. सुगंध पुढच्या पिढीला आनंद देईल. दुर्गंधाची नोंद तिला सांगेल की आपण कोठून चालत आलो आणि ही स्वच्छ हवा कोणाच्या श्रमाने मिळाली.