शिकवणाऱ्या बाईचा रोज

एरंडीवर येणारी लाल केसाळ अळी एकट्यादुकट्याला आवरत नाही. तिचे कोष उन्हाळाभर जमिनीत दडून असतात आणि पहिला दमदार पाऊस पडला की पतंग एकदमच बाहेर निघतात. पतंग उजेडावर झेपावतात, म्हणून रात्री शेतात जाळ करायचा, हा उपाय सोपा आणि जवळजवळ बिनखर्चाचा. पण एकानं जाळ करून भागत नाही. शेजाऱ्याच्या रानात पतंगांनी अंडी घातली की काही दिवसांत अळ्यांच्या झुंडी बांध ओलांडून येतात. म्हणून जाळ सगळ्या शिवारात आणि एकाच रात्री पेटावा लागतो. १९९०च्या आगेमागे तेलंगणातल्या कोरडवाहू गावांत हैदराबादच्या स्वयंसेवी संस्थांनी आणि काही शास्त्रज्ञांनी हे काम हाती घेतलं, तेव्हा किडीचं जीवनचक्र त्यांना ठाऊकच होतं. अवघड होतं ते सगळं गाव एका रात्री शेतावर आणणं, आणि ते गावातल्या माणसांशिवाय होणार नव्हतं.

शेतकऱ्यानं शेतकऱ्याकडून शिकण्याविषयी आपल्याकडे फार भाबडेपणानं बोललं जातं. पारावर चार माणसं बसली, गप्पा झाल्या, ज्ञान पसरलं, असं. हैदराबादच्या परिसरातला तीन-चार दशकांचा अनुभव वेगळं सांगतो. हे शिकणं जोपासावं लागतं, त्याला खर्च येतो, आणि तो खर्च बहुतेक वेळा शिकवणारा शेतकरीच सोसतो. त्यातही शिकवणारी बाई असेल तर तिचा रोज बुडतो आणि तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

१९९७-९८च्या हंगामात वरंगळ जिल्ह्यात कापूस हातचा गेला. फवारणीवर फवारणी करूनही अळी मरेना. बियाणं, खत, औषध, उधारी आणि सल्ला, सगळं एकाच दुकानातून येत होतं, म्हणजे सल्ला चुकला तरी देणं त्याच दुकानदाराचं वाढत होतं. त्या वर्षी झालेल्या आत्महत्यांनी देश हादरला. मला या घटनेत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: शेतकऱ्याला सल्ला देणारं जाळं तेव्हाही होतं, आणि ते चांगलं घट्ट होतं. फक्त त्याची दोरी विकणाऱ्याच्या हातात होती.

पुनुकुला हे तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यातलं कापूस-मिरचीचं गाव. १९९९च्या सुमारास तिथल्या मोजक्या शेतकऱ्यांनी निंबोळी अर्क, मिरची-लसणाचा अर्क, कामगंध सापळे, सापळा पिकं असं करून पाहिलं. पुढच्या हंगामात शेजारी आले, कारण खर्चातला फरक त्यांना बांधावरून दिसत होता. महिला बचत गटांनी घराघरांत हट्ट धरला की आता विषाची बाटली घरात नको. काही वर्षांतच सगळं गाव कीटकनाशकमुक्त झालं. २००४ साली हैदराबादेत डॉ. जी. व्ही. रामांजनेयुलू यांच्या पुढाकारानं ‘सेंटर फॉर सस्टेनेबल अॅग्रिकल्चर’ उभं राहिलं आणि त्याच सुमारास राज्य सरकारच्या ग्रामीण दारिद्र्य निर्मूलन संस्थेनं हे काम महिला बचत गटांच्या महासंघांमार्फत गावोगाव न्यायला सुरुवात केली. जनगावजवळच्या एनाबावीसारखं पन्नासएक घरांचं गाव रासायनिक खतंही सोडून पूर्ण सेंद्रिय झालं. सरकारी योजना असूनही कारभार महासंघांकडे राहिला, हे त्या कार्यक्रमाचं खरं बळ होतं. गावात शिकवणारी व्यक्ती गावालाच उत्तर देणारी होती. राज्याच्या विभाजनानंतर आंध्र प्रदेशानं याच पायावर नैसर्गिक शेतीचा मोठा कार्यक्रम उभारला. २०२४चा गुलबेन्कियन पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यांत तो आहे.

तरीही कोणी मला विचारलं की हैदराबादहून एकच ठिकाण पाहायचं तर कुठलं, तर मी जहीराबादजवळचं पस्तापूर सांगेन. सोलापूर-उमरगा-हुमनाबाद रस्त्यानं हैदराबादला जाणारा प्रत्येक मराठी माणूस जहीराबादवरून जातो. तिथे १९८३पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी काम करते. पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. दूरदर्शनमधून आलेले, मार्च २०२३मध्ये वारले. संस्थेचा कणा म्हणजे गावोगावचे महिलांचे ‘संघम’, आणि त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया दलित, अल्पभूधारक. पडीक, मुरमाड जमीन त्यांनी लागवडीखाली आणली. एकाच रानात ज्वारी, बाजरी, राळा, तूर, मूग, जवस, करडई अशी दहा-पंधरा पिकं घ्यायची, म्हणजे पावसानं दगा दिला तरी काहीतरी घरात येतं. बियाणं गावातल्या पेढीतून घ्यायचं आणि सुगीनंतर घेतलं त्याच्या दुप्पट परत करायचं. बियाण्याबरोबर ते कधी पेरायचं, कशाबरोबर पेरायचं, किती खोल, हेही हातोहात जातं. माझ्या मते इथे पेढी हीच शाळा आहे.

संक्रांतीच्या सुमारास इथे जुन्या पिकांची जत्रा निघते. सजवलेल्या बैलगाड्यांत बियाण्यांची मडकी मांडून स्त्रिया गावोगाव जातात, प्रत्येक गावात बसून बोलतात, चर्चा करतात. याच स्त्रियांनी कॅमेरा हातात घेतला. बीटी कापसाला २००२मध्ये परवानगी मिळाल्यावर वरंगळच्या शेतांवर जाऊन हंगाम कसा गेला, हे त्यांनी शेतकऱ्यांच्या तोंडून चित्रित केलं. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूर गावातून ‘संघम रेडिओ’ सुरू झाला, देशातल्या अगदी सुरुवातीच्या सामुदायिक केंद्रांपैकी एक. तो चालवणाऱ्या त्याच गावांतल्या दलित स्त्रिया आणि भाषा त्यांची रोजची तेलुगू. ज्या बाईचं बोलणं ऐकायला पूर्वी कोणी थांबत नव्हतं, तिच्या सांगण्यावरून दुसऱ्या गावातली बाई पेरणी ठरवते. या गोष्टीचं मोल उत्पादनाच्या आकड्यात मावत नाही. २०१९मध्ये या संघमना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

हे सगळं मराठी वाचकाला परकं नाही. १९५६पर्यंत मराठवाडा आणि जहीराबाद एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि माती व पाऊस यांनी राज्याची हद्द कधी मानलीच नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरबांधणीच्या कामात गाव आणि सरकार यांच्यात बोलणी करायला स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. त्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली आणि पुढे दुष्काळी मराठवाड्यात तिनं स्त्रियांच्या एक एकर शेतीचा प्रयोग रुजवला. घरच्या जमिनीतला एक एकर बाईनं मागून घ्यायचा, त्यात आधी खायची पिकं घ्यायची, आणि जमलं की दुसरीला शिकवायचं. त्याआधी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून द्राक्ष बागायतदारांना परस्परांचे गुरू केलं होतं. पण तो बागायतदार होता, हातात थोडा पैसा आणि सवड असलेला. कोरडवाहू शेतातली बाई एक दिवस शिकवायला गेली की त्या दिवसाची मजुरी जाते, हा फरक विसरून चालणार नाही.

शेतकऱ्यानं शेतकऱ्याकडून शिकणं जगभरही दिसतं. इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केल्यावर १९८६मध्ये ५७ कीटकनाशकांवर भातापुरती बंदी आली आणि १९८९पासून शेतीशाळा सुरू झाल्या. ग्वाटेमाला, निकाराग्वा, मग क्युबा इथे शेतकऱ्यानं शेतकऱ्याला शिकवण्याची चळवळच झाली. आपल्या कृषी खात्याच्या शेतीशाळा त्याच इंडोनेशियाच्या वंशातल्या. मात्र अनेक ठिकाणी त्या हजेरीपट आणि फोटोपुरत्या उरल्या आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रानं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली: २,४८१ कोटी रुपये, १५,००० समूह, एक कोटी शेतकरी आणि गावागावांत शिकवायला ३०,००० कृषी सखी व समुदाय साधन व्यक्ती. गावातल्याच बाईला शिकवणारी मानून तिला मानधन देण्याची तयारी दाखवली, याचं स्वागत करायलाच हवं. पण भागाकार केला तर एका सखीच्या वाट्याला सव्वातीनशेहून अधिक शेतकरी येतात. इतक्या शेतांवर ती हंगामात एकदा तरी पोचेल का? आणि ती उत्तर कोणाला देणार, गटाला की तालुक्याच्या कार्यालयाला? शिवाय मालाला बाजार नसेल तर शिकलेला शेतकरीही कापसाकडे परततो. तेलंगणात कापसाखालचं क्षेत्र पाहिलं तर हे मान्य करावंच लागतं.

करता येण्यासारखं एक काम अगदी जवळचं आहे. कृषी विस्ताराच्या ‘आत्मा’ योजनेत परराज्यातल्या अभ्यास सहलींची तरतूद आहेच, आणि तिच्यासाठी अधिकाऱ्यांना घडवणारी ‘मॅनेज’ ही संस्थाही हैदराबादेत राजेंद्रनगरला आहे. उमरग्याच्या, औशाच्या, देगलूरच्या बायकांना जहीराबादला पाठवा आणि तिकडच्यांना इकडे आणा. अंदाजपत्रकात बसभाड्याच्या खाली यजमान शेतकरणीचा दोन दिवसांचा रोज, तिनं दिलेल्या बियाण्याची किंमत आणि तेलुगू-मराठी दोन्ही जाणणाऱ्या एका दुभाषीचा खर्च वेगळा लिहा. आणि सहल सप्टेंबरात काढा, खरीप रानात उभा असताना आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीआधी. निधी संपवायला मार्चअखेरीस गाड्या भरून नेल्या तर तोवर सुगी होऊन गेलेली असते आणि विचारायला समोर पीकच नसतं.