थव्याचे बिऱ्हाड

घरात मासे पाळण्याचा विचार निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या गोल भांड्यात एकटाच फिरणारा गोल्डफिश उभा राहतो. परंतु गोड्या पाण्यातील ज्या चिमुकल्या जातींचे सारे आयुष्य समूहात व्यतीत होते, त्यांच्या बाबतीत हे चित्र सर्वथा गैरलागू होय. तेथे आपण थवा पाळतो, आणि टाकीची लांबीरुंदी, पाण्याचा बंदोबस्त, फार काय, खरेदीचा हिशेबही याच एका गोष्टीवरून ठरवावा लागतो.

नवशिक्याने आरंभ करावा असा या वर्गातील मासा म्हणजे झेब्रा डॅनिओ. चार सेंटिमीटरांच्या आसपास लांबी, रुपेरी-सोनेरी अंग आणि त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत ओढलेले निळे पट्टे अशा रूपाचा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील वैद्य फ्रान्सिस बुकॅनन, जे पुढे आईच्या माहेरची मालमत्ता वारशाने मिळाल्यावर हॅमिल्टन म्हणवू लागले, त्यांनी बंगाल इलाख्याच्या पाहणीत तेथील मत्स्यजातींची टिपणे केली आणि चित्रे काढविली. ते मायदेशी परतताना त्या चित्रांचा संग्रह सरकारने ठेवून घेतला, तरीही गंगेतील मत्स्यांवरील आपल्या १८२२ सालच्या ग्रंथात त्यांनी या माशाचे वर्णन केलेच. मंद ओढे, उथळ डबकी आणि भातखाचरे ही त्याची वसतिस्थाने असल्यामुळे ऋतूंचे फेरफार सोसण्याची शक्ती त्याच्या अंगी आहे, आणि आपल्याकडील बहुतेक घरांत पाणी तापविण्याचे यंत्र त्याला लागत नाही.

थव्याची शिस्त दोन इंद्रियांवर अवलंबून असते. डोळा शेजाऱ्याचा वेध घेतो, तर दोन्ही कुशींवरील पार्श्वरेखा पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर डोळे झाकलेल्या सागरी माशानेही थव्यातील आपली जागा राखली. शत्रूला एकाच सावजावर नजर स्थिर करता येऊ नये, हा या एकत्र चालण्याचा एक मोठा लाभ. टाकीत शत्रू नसला तरी ही प्रवृत्ती लोपत नाही. दुकानात मासे जोडीच्या भावाने विकले जातात म्हणून एकच जोडी घरी आणली, तर त्यांतला दांडगा दुसऱ्याचा पिच्छा पुरवितो, त्याला खाद्यापाशी फिरकू देत नाही आणि प्रसंगी त्याचे पर कुरतडतो. संख्या आठ-दहा झाली म्हणजे तोच जाच अनेकांत वाटला जाऊन सौम्य होतो. सहापेक्षा कमी मासे ठेवूच नयेत.

हा मासा सतत धावणारा असल्यामुळे टाकी उंच असण्यापेक्षा लांब असावी. साठ सेंटिमीटर लांब आणि तीस-तीस सेंटिमीटर रुंद व उंच अशा टाकीत काठोकाठ चौपन्न लिटर पाणी मावते. तेवढा भार पेलेल असे समतल, भक्कम मेज आधी पाहावे. वर झाकण अवश्य असावे, कारण डॅनिओ उडी मारण्यात पटाईत आहे.

परंतु खरी कसोटी पाण्याची. माशांच्या विसर्जनातून व उरल्या खाद्यातून अमोनिया हे विष निर्माण होते. फिल्टरच्या स्पंजावर व तळच्या वाळूत वस्ती करणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट या दुसऱ्या विषात आणि नंतर पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती जमण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ मासे न आणता, अमोनियाचा अल्प पुरवठा ठेवून, फिल्टर अखंड चालू ठेवावा, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची परीक्षण-संचाने खात्री झाल्यावरच थवा टाकीत सोडावा. पुढे दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा बंदोबस्त सोडियम थायोसल्फेटने होतो. स्पंज मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली धरल्यास जिवाणूंची ती वस्ती नाश पावते. खाद्य दोन-तीन मिनिटांत फस्त होईल इतकेच टाकावे.

थवा रुळला की पहाटेच्या प्रकाशाबरोबर मादी अंडी विखुरते, आणि आईबाप ती तत्काळ खाऊ लागतात. म्हणून वेगळ्या टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचा थर देतात, ज्याच्या फटींतून अंडी खाली उतरून बचावतात. ती इतकी पारदर्शक असतात की सुमारे एका दिवसानंतर साध्या भिंगातून चिमुकल्या हृदयाचे स्पंदन पाहता येते, आणि दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. याच पारदर्शकतेमुळे जॉर्ज स्ट्रायसिंगर या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी हा मासा निवडला; आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन चालते.

वाढलेली पिल्ले डोईजड झाली तरी ती विहिरीत वा नदीत सोडू नयेत. टाकीतील रोग तेथे पसरू शकतात. आणि दहाच माशांपुरती जागा असताना दुकानातील रंगांचा मोह पडून पाच जातींच्या पाच जोड्या घेण्याऐवजी एकाच जातीचे दहा घ्यावेत: टाकी कमी रंगीबेरंगी दिसेल, पण मासे आपल्या स्वभावाप्रमाणे वागतील, आणि पाहण्यासारखे असते ते तेच.