आर्सेनिक उपसणारा नेचा

चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंती, विहिरींचे कठडे, पुलांच्या कमानी यांच्या फटींतून एक नेचा उगवतो. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना अरुंद, लांबट पर्णिका. शास्त्रीय नाव टेरिस व्हिटाटा. आपल्याकडेही तो आहे, पण त्याची कीर्ती झाली अमेरिकेत.

फ्लोरिडात एका जागी पूर्वी लाकूड टिकाऊ करण्याचा कारखाना होता. तिथे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या द्रावणात लाकूड मुरवलं जाई. कारखाना बंद पडला, विष मातीत राहिलं. फ्लोरिडा विद्यापीठाच्या लीना मा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वनस्पती तपासल्या, तेव्हा या एका नेच्याच्या पानांत किलोमागे ३,२८० ते ४,९८० मिलिग्रॅम आर्सेनिक सापडलं. मग त्यांनी किलोमागे १,५०० मिलिग्रॅम आर्सेनिक मिसळलेल्या मातीत तो वाढवला. सहा आठवड्यांत पानांतलं प्रमाण २२,६३० मिलिग्रॅमवर गेलं, म्हणजे कोरड्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आर्सेनिक काटेकोरपणे पाहिलं तर धातुसदृश मूलद्रव्य, पण प्रदूषणाच्या हिशेबात ते जड धातूंतच धरतात. मातीतलं आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं एक रूप, रचनेने फॉस्फेटसारखं असतं. फॉस्फेट आत घेणारी मुळांतली वाहक प्रथिनं इथे फसतात आणि विष आत येतं. बहुतेक झाडांत ते मुळांतच अडकतं आणि झाड खंगतं. नेचा मात्र ते वर पानांकडे धाडतो, त्याचं आर्सेनाइट करतो आणि पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवतो. आर्सेनाइट तर आणखी विषारी! ते रिक्तिकेत ढकलणारं प्रथिन फुलझाडांच्या वंशात कधीच गळून गेलं. नेच्याने ते सांभाळलं. प्रयोगांत नाकतोडे अशी आर्सेनिकयुक्त पानं टाळताना दिसले, तेव्हा या साठ्याचा नेच्यालाही उपयोग असावा.

इतकं वाचून कुणालाही वाटेल, लावा नेचा आणि माती स्वच्छ. फ्लोरिडातल्याच एका दूषित जागी नेचा लावून दोन वर्षं मोजमाप केलं गेलं. वरच्या १५ सेंटिमीटर मातीतलं आर्सेनिक किलोमागे १९० मिलिग्रॅमवरून १४० वर आलं. मला या विषयातला हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. काम होतं, पण वर्षानुवर्षं चालतं, आणि तेही मुळं पोचतील तेवढ्याच खोलीपर्यंत. जी जमीन लगेच वापरायची नाही आणि खणून हलवणं परवडत नाही, तिथे ही पद्धत खरोखर मोलाची.

शिवाय मूलद्रव्य नष्ट होत नाही. मातीतलं विष पानात आलं, एवढंच. ती पानं कापून न्यावी लागतात. कंपोस्टात घालायची नाहीत, उघड्यावर जाळायची नाहीत, आणि गुरं तिथे फिरकू नयेत म्हणून कुंपण हवं. कापणीनंतरची ही व्यवस्था नसेल तर नेचा लावण्यात अर्थ नाही.

अशाच रीतीने निकेल साठवणाऱ्या झाडांच्या बाबतीत गोष्ट सुखाची आहे. मलेशियातल्या साबामध्ये फिलँथस रुफुसचॅनेई नावाचं झुडूप वाढतं. आवळा ज्या प्रजातीतला, त्याच प्रजातीतलं. वनस्पतींकरवी धातू काढून घेण्याची कल्पना १९८३ मध्ये मांडणाऱ्या रुफस चेनी यांचं नाव त्याला दिलं आहे. त्याची पानं जाळली की राखेत खाणीतल्या खनिजाहून कितीतरी जास्त निकेल उरतं, आणि ते विकता येतं. आर्सेनिकाला असं गिऱ्हाईक नाही.

म्हणून पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या भातशेतीकडे पाहताना सावध राहावं लागतं. तिथे आर्सेनिक दर हंगामात कूपनलिकांच्या पाण्याबरोबर शेतात उतरतं, आणि निचरा होणारी जमीन आवडणारा हा नेचा साचलेल्या पाण्यात रमत नाही. तिथे सुरुवात मातीपासून नव्हे, सिंचनाच्या पाण्यापासून करावी लागेल.